चिरा अडतो, चिरा सुटतो

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी कधी चपला उशाशी घेऊन झोपलंय का? आमच्या चौथीतली एक मुलगी सलग तीन रात्री तशी झोपली. उशाशी चपला, चपलांशेजारी दप्तर आणि दप्तरात बॅटरी. का, ते सांगते.

आमचा जिल्हा रत्नागिरी. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून वर गेलं की सातारा जिल्हा लागतो आणि लगेच कोयनेचं धरण. त्या भागात जमीन अधूनमधून हलते. आमच्याकडे कधी कपाटातल्या काचेच्या पेल्या किणकिणतात, कधी तर कळतही नाही. त्या थंडीत एका संध्याकाळी असाच एक छोटा धक्का बसला. दुसऱ्या दिवशी शाळेत आले तर वर्गात नुसता गलका! कुणाच्या तरी मामाच्या मोबाइलवर निरोप आला होता, ‘आज रात्री बारा वाजता मोठा भूकंप होणार.’ “बाई, मोठा येनार हाय, टीव्हीवर सांगितलंन,” असं सगळे एका सुरात सांगायला लागले. टीव्हीवर कुणीच सांगितलं नव्हतं, पण अफवेला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो?

मी काय केलं? बाई लोक करतात तेच. “काही होत नाही, गप बसा आणि पाढे काढा,” म्हटलं. पाढे झाले, शाळा सुटली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाच झोप येईना. ज्यानं तो निरोप पाठवला त्याला काही ठाऊक नव्हतं. पण ‘काही होत नाही’ असं ठणकावून सांगणाऱ्या मला तरी कुठे ठाऊक होतं? त्यानं न जाणता ‘होणार’ म्हटलं, मी न जाणता ‘नाही होणार’ म्हटलं. फरक काय राहिला?

म्हणून मग आम्ही वर्गातच भूकंप करायचं ठरवलं.

सामान साधं. जांभ्याच्या चिऱ्याचा एक तुकडा, साधारण विटेएवढा. (अख्खा चिरा आणू नका हं, पायावर पडला तर वेगळाच भूकंप होईल!) एक लांब फळी, तिच्यावर खरखरीत पॉलिशपेपर चिकटवलेला. हातभर इलॅस्टिक, चड्डीत घालतात ते. हे म्हटल्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता. थोडी सुतळी आणि घरून आणलेलं एक लाटणं. चिऱ्याला सुतळी बांधली, सुतळीला इलॅस्टिक, इलॅस्टिकला पुन्हा सुतळी आणि तिचं टोक लाटण्याला गुंडाळलं. दोघांनी लाटणं दोन बाजूंनी धरायचं, बाकीच्यांनी एक, दोन, तीन असे आकडे म्हणायचे आणि प्रत्येक आकड्याला लाटणं बरोबर पाव फेरा फिरवायचं. घाई नाही, झटका नाही.

आता सांगा पाहू, चिरा कसा सरकेल? आमच्या वर्गाचं उत्तर होतं, ‘हळूहळू, लाटण्याबरोबर.’ तसं झालं नाही. एक म्हटलं, चिरा ढिम्म. दोन, तीन, चार. इलॅस्टिक ताणत चाललंय, चिरा आपला जागच्या जागी. पाच म्हटलं आणि खर्रकन् वीतभर पुढे! आणि पुन्हा ढिम्म. लाटणं एकसारखं फिरतंय, चिरा मात्र अडतो, अडतो आणि एकदम सुटतो.

भूकंप होतो तो असाच. जमिनीखालच्या खडकांत मोठमोठ्या चिरफाळ्या असतात. त्यांना शास्त्रज्ञ प्रस्तरभंग म्हणतात. चिरफाळीच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घट्ट दाबून बसलेले असतात. आपला भारताचा सगळा भूभाग वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर या गतीनं उत्तरेकडे सरकतोय, म्हणजे आपली नखं वाढतात जवळजवळ त्याच वेगानं. आमच्या प्रयोगातलं लाटणं म्हणजे हे सरकणं. पण चिरफाळीतले खडक घर्षणामुळे अडून राहतात आणि आजूबाजूचा खडक इलॅस्टिकसारखा ताणला जातो. खडक ताणतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ताणतो. वर्षानुवर्षं थोडा थोडा ताण साठतो आणि मग एका क्षणी चिरफाळ सुटते. काही सेकंदांत खडक सरकतो आणि साठलेल्या ताणाचा हादरा चारी दिशांना पसरतो.

हे प्रयोगशाळेत ओळखलं ते ब्रेस आणि बायरली या दोन शास्त्रज्ञांनी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ते ग्रॅनाइटचे छोटे तुकडे यंत्रात प्रचंड दाबाखाली धरून सरकवत होते. तुकडे सुरळीत न सरकता असेच अडत आणि सुटत सरकले. ‘भूकंपही असेच होत असणार,’ असं त्यांनी १९६६ साली मांडलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं ग्रॅनाइटचा एक भला मोठा ठोकळा घेऊन त्यात तिरकी, २ मीटर लांबीची चिरफाळ तयार केली आणि ती सरकवून पाहिली. तिथल्या डीटेरिश नावाच्या शास्त्रज्ञाला एक गंमत आढळली. दोन खडक जितका जास्त वेळ एकमेकांना टेकून स्वस्थ राहतात, तितके ते जास्त घट्ट धरतात. वेळ वाढला की पकड वाढते. वाढते अगदी थोडीच, पण वाढते.

आमच्या प्रयोगशाळेतही एक शोध लागला. वीस-पंचवीस वेळा चिरा ओढल्यावर फळीवर लाल भुगा जमला आणि चिरा वेगळाच वागायला लागला. पोरं म्हणाली, “बाई, झाडून घेऊ?” मी म्हटलं, थांबा, जमिनीतल्या चिरफाळीतही असाच दळलेल्या खडकाचा भुगा असतो. तो कसा वागतो हे पाहण्यात मोठमोठे शास्त्रज्ञ अख्खं आयुष्य घालवतात. तेव्हापासून आमच्या वर्गात त्या भुग्याला फार मान आहे.

आता मुख्य प्रश्न. चिरा सुटणार हे कळलं, पण कधी सुटणार? आम्ही आकडे फळ्यावर लिहीत होतो. ५, ७, ६, ६, ४, ८, ६. सरासरी काढा बरं. बेरीज ४२, भागिले ७, म्हणजे ६. आठव्या खेपेला मी पैज लावली. जो बरोबर आकडा सांगेल त्याला लिमलेटची गोळी. जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला ६. सहा आला, चिरा ढिम्म. सात, आठ. वर्गात चिडीचूप. नऊला सुटला. गोळ्या माझ्याकडेच राहिल्या.

अशीच फजिती मोठ्या शास्त्रज्ञांचीही झाली आहे, त्यामुळे चौथीच्या वर्गानं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ या सालांत जवळजवळ सारख्याच ताकदीचे भूकंप झाले. सरासरी अंतर २२ वर्षं. १९८५ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की पुढचा भूकंप १९८८ च्या आगेमागे, फार तर १९९३ पर्यंत होईल. गावाभोवती यंत्रांचं जाळं उभारलं आणि वाट पाहत बसले. १९९३ गेलं. २००० गेलं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला! आणि यंत्रं डोळ्यांत तेल घालून बसलेली असूनही आधी इशारा म्हणावा असं काही त्यांत सापडलं नाही. जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगता येत नाही. मग मामाच्या मोबाइलला कुठून येणार?

“पण बाई, कोयनेला धरणामुळे भूकंप होतो ना?” हा प्रश्न आमच्याकडे ठरलेला. त्याचं उत्तर देण्याआधी मी वर्गातल्या एका मुलाच्या आजीला शाळेत बोलावलं. १९६७ साली त्या नव्यानं लग्न होऊन पोफळीच्या बाजूला राहायला आल्या होत्या. आजी म्हणाल्या, “पहाटेची वेळ. भरलेला ट्रक घरात शिरतोय असा आवाज झाला. फळीवरची भांडी सगळी खाली. ह्यांनी मला हाताला धरून ओढलंन् आणि अंगणात आणून बसवलंन्. थंडीत कुडकुडत बसलो उजाडेपर्यंत. गुरं नुसती हंबरत होती.”

ती पहाट ११ डिसेंबर १९६७ ची. वेळ ४ वाजून २१ मिनिटं. भूकंपाची तीव्रता ६.३ होती. कोयनानगरची दगडी भिंतींची घरं कोसळली आणि जवळजवळ दोनशे माणसं गेली. धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. नंतर भेगा बुजवल्या आणि भिंतीला मागून जाड आधार देऊन ती भक्कम केली. कोयनेची वीज बंद पडल्यामुळे पार मुंबईपर्यंत परिणाम झाला.

धरणात पाणी साठवायला सुरुवात झाली होती १९६२ च्या सुमारास आणि तेव्हापासूनच लहान धक्के जाणवू लागले होते. धरण आणि भूकंप यांचा हा संबंध हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी कित्येक दशकं अभ्यासत आले आहेत. पाण्याच्या साठ्यामुळे सुटलेला जगातला सर्वांत मोठा भूकंप म्हणून कोयनेचंच नाव घेतात.

पाण्यानं खडक सरकतो कसा? बहुतेकांना वाटतं, तेल घातल्यावर बिजागरी सुटते तसं. तसं नाही. रात्री जेवताना एक गोष्ट पाहा. ओल्या ओट्यावर गरम आमटीची वाटी ठेवली की ती कधी कधी आपोआप सरकते. आमची आजी म्हणायची, वाटीत भूत शिरलंय. भूत नाही आणि काही नाही. वाटीच्या बुडाखाली थोडी हवा कोंडलेली असते, कडेला पाणी असल्यामुळे ती बाहेर पडू शकत नाही. आमटीच्या उष्णतेनं ती फुगते आणि वाटीला खालून वर ढकलते. वाटीचं वजन तेवढंच, पण त्यातलं बरंचसं आता हवेनं पेललेलं असतं. ओट्यावर दाब कमी पडतो, घर्षण कमी होतं आणि वाटी निघाली फिरायला!

जमिनीखाली हवेच्या जागी पाणी असतं. तलावाच्या पाण्याचा दाब भेगाभेगांतून खोलवर पोचतो. चिरफाळीत कोंडलेलं पाणी दोन्ही बाजूंच्या खडकांना एकमेकांपासून दूर ढकलतं, त्यांची पकड ढिली होते आणि अडलेली चिरफाळ सुटते. म्हणजे पाण्यानं ताण निर्माण केला नाही बरं का. इलॅस्टिक आधीच ताणलेलं होतं, पाण्यानं फक्त चिरा थोडा उचलून धरला. कोयनेला दरवर्षी पावसाळ्यात तलाव भरत आला की धक्के वाढतात, त्याचं कारण हेच.

हे खरं आहे याचा पुरावाही आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात रेंजली नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथे १९६९ पासून पुढे काही वर्षं शास्त्रज्ञांनी विहिरींतून खोलवर जोरानं पाणी भरलं, तेव्हा लहान धक्के वाढले. पाणी उपसून काढलं, धक्के थंडावले. पुन्हा भरलं, पुन्हा सुरू! नळाची तोटी फिरवावी तसं.

हे ऐकल्यावर खो-खोच्या संघातल्या एकानं हात वर केला. “मग बाई, लहान लहान धक्के बसलेले बरेच ना? ताण निघून जातो.” आमच्याकडे मोठी माणसंही हेच म्हणून स्वतःची समजूत घालतात. पण हिशेब जमत नाही. भूकंपाची तीव्रता एका अंकानं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ४ वरून ६ वर गेलं की ३२ गुणिले ३२, हजाराहून जास्त. सहाच्या एका भूकंपाइतका ताण काढून टाकायला चारचे हजारभर धक्के हवेत. कोयना-वारणा भागात १९६७ पासून आजवर चारच्या वरचे धक्के झाले ते दोनशेच्या आसपास. करा हिशेब.

मग तिथे खाली चाललंय काय, हे पाहायचं कसं? थेट भोक पाडून! कोयना आणि वारणा परिसरात आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ भोकं पाडली. त्यांतून खडकाचे लांबच लांब दंडगोल निघाले, उसाच्या कांड्यांसारखे. मग धरणाच्या दक्षिणेला गोठणे इथे २०१७ साली त्याहून खोल भोक पूर्ण झालं. खोली किती? ३ किलोमीटर! आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा खडक, तिथे साधारण सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला. त्याच्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार फार जुना खडक लागला. कोयनेचे भूकंप होतात ते याच खालच्या खडकात. या कामासाठी कराडजवळ हजारमाची इथे भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा उभी आहे. ते दंडगोल तिथे खोक्यांत ओळीनं जपून ठेवलेले असतात. खडक किती मजबूत आहे, भेगा कशा आहेत, त्यांतून पाणी किती वाहू शकतं हे त्यांवरून तपासतात. काही भोकांत खोल भूकंपमापक यंत्रंही सोडली आहेत.

एवढ्या खोल यंत्रं कशाला? तर ऐकायला. आमच्या वर्गातला एक मुलगा प्रयोग चालू असताना फळीला कान लावून बसला होता. बाकीचे ओरडले, “ए, डोकं काढ.” तो म्हणाला, “गप रे, आतून कुरकुर ऐकू येतेय. आता सुटनार.” आणि खरंच सुटला! सात खेपांत चार वेळा त्यानं बरोबर ओळखलं. शेवटी लिमलेटची गोळी त्यालाच मिळाली. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतही असंच झालं. सरकणाऱ्या तुकड्यांमधून येणारे बारीक बारीक आवाज त्यांनी कॉम्प्युटरला ऐकवले आणि पुढचा ‘भूकंप’ किती वेळानं होईल हे कॉम्प्युटरला चांगलं सांगता यायला लागलं. हे २०१७ सालचं संशोधन. पण तो प्रयोगशाळेतला, हाताएवढा भूकंप. खऱ्या जमिनीवर गाड्या धावतात, नद्या वाहतात, वारा झाडं हलवतो. या सगळ्या गोंगाटात ५-७ किलोमीटर खालची कुरकुर कशी ऐकू येणार? म्हणून यंत्रं खाली, शांततेत न्यायची. अजून तारीख सांगण्याइतकं काही हाती आलेलं नाही. कान लावून बसणं चालू आहे.

पालकांसाठी इथे चार ओळी. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीला जो भूकंप झाला तो ६.२ चा. म्हणजे कोयनेच्या भूकंपासारखाच. पण तिथे दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं, हे सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आपल्याकडे चिऱ्याची घरं बांधताना खिडक्या-दारांच्या वरून घराभोवती सलग फिरणारा सिमेंट आणि सळीचा पट्टा पुष्कळदा खर्च वाचवण्यासाठी गाळतात. गवंड्याला एवढं एकच विचारा, पट्टा चारी कोपऱ्यांतून न तुटता फिरलाय का? एखाद्या कोपऱ्यात जरी तुटला असेल तर जोडून घ्यायला लावा.

आमच्या वर्गात दुसऱ्या दिवशी पाढे झालेच नाहीत. मुलांनी खोलीभर फिरून ‘हललं तर काय पडेल’ याची यादी केली. भिंतीवरच्या मोठ्या तसबिरी, नुसत्या सुतळीवर टांगलेला पृथ्वीचा गोल आणि माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे लोखंडी कपाट, त्याच्यावर जुन्या वह्यांनी भरलेली पत्र्याची ट्रंक. सात वर्षं मी त्या ट्रंकेखाली बसून शिकवत होते! मला एकदाही वाटलं नाही. ट्रंक खाली उतरवली. कपाट भिंतीला पट्ट्या मारून पक्कं करायला एका मुलाचे वडील रविवारी हत्यारं घेऊन आले. तसबिरी बाकांपासून दूर हलवल्या. जमीन हलली तर बाकाखाली शिरून बाकाचा पाय धरायचा आणि हलणं थांबलं की रांगेनं मैदानात जायचं, याचीही दोनदा तालीम झाली. दुसऱ्या तालमीत सगळे तीस जण बाहेर आले आणि बाई आत राहिल्या, कारण बाई हजेरीपट शोधत होत्या. यावर मला वर्गानं चांगलंच सुनावलं.

चपला उशाशी ठेवणारी ती मुलगी गेल्या आठवड्यात विचारत होती, अजूनही चपला ठेवल्या तर चालेल का? मी म्हटलं, अगं, चालेल म्हणजे काय, हे तर शहाणपणाचं काम. काचा फुटल्या तर अनवाणी कशी पळशील? फक्त बॅटरीतले सेल बघ. तिनं बघितले. मेले होते.

प्रयोग करून पाहा आणि दहा खेपांचे आकडे मला पत्रानं कळवा. फळीला कान लावून ऐकणारा कुणी असेल तर त्याचे किती अंदाज बरोबर आले, तेही लिहा. आणि हो, लाटणं धुऊन परत ठेवा.